सप्लायमधून २६ वॉट आत, स्कोपवर २४ वॉट बाहेर: हे गणित बसत नाही

मिरजकर_४०मीटर

नमस्कार मंडळी,

हॅम रेडिओच्या ४० मीटर बँडसाठी दोन आयआरएफ५१० लावून पुश-पुल अँप्लिफायर बांधलाय. यूबिटएक्स या किटच्या रेडिओत असतात तेच मोसफेट ट्रान्झिस्टर. बोर्ड मात्र घरचा, तांब्याच्या पत्र्यावर छोटे तुकडे चिकटवून केलेला. त्याला ड्राइव्ह द्यायला अर्ध्या वॉटचा जुना होमब्रू सेट आहे. सप्लाय १३.८ व्होल्ट. की दाबली की सप्लायवरचा अँपमीटर १.९ दाखवतो, म्हणजे आत साधारण २६ वॉट.

आता बाहेरचं. डमी लोडला, म्हणजे अँटेनाऐवजी वॉट जाळायला, २७० ओहम, १० वॉटचे ते पांढरे सिमेंटचे रेझिस्टर घेतले, पाच समांतर. मल्टिमीटरवर बरोबर ५४ ओहम. एकूण ५० वॉट झेलतील म्हणून हेच पसंत केले. त्यावर १०० मेगाहर्ट्झचा डिजिटल स्कोप, प्रोब दहापट खुणेवर. ७.१ मेगाहर्ट्झला ९८ व्होल्ट पीक-टू-पीक येतात. ९८ चा वर्ग भागिले ४००, म्हणजे २४ वॉट.

मध्ये एक स्वस्तातला एसडब्ल्यूआर मीटरही आहे, पुढे गेलेली आणि लोडवरून परत आलेली शक्ती दाखवणारा. त्याच्या १०० वॉटच्या स्केलवर पुढची सुई १७ ला जाते.

२६ पैकी २४ म्हणजे ९२ टक्के कार्यक्षमता. तसं असेल तर दोन्ही मोसफेट मिळून दोन वॉट खात असतील. पण हीटसिंकला बोट ठेववत नाही. मग ही उष्णता येते कुठून? आणि २४ नि १७ मधला कोणता आकडा खरा धरू? महागडा वॉटमीटर घेण्यातला मी नाही. वरच्या वारंवारता अडवणारा लो-पास फिल्टर अजून जोडलेला नाही, त्याच्या कॉइलचे गाभे, म्हणजे टोरॉइड, यायचे आहेत.

लॅमिंग्टनरोड_फेरी

भावा, प्रोबची ती मगरीच्या क्लिपवाली लांब ग्राउंड वायर काढ आणि टोकाशी स्प्रिंग लाव. सगळा घोळ तिथेच असतो. नाहीतर १७ धर आणि बँडवर ये. २४ नि १७ मध्ये फरक दीड डीबीचा, आणि रिसीव्हरच्या सिग्नल मीटरवरचं एक एस-युनिट सहा डीबीचं. नागपूरवाल्याला काय कळणार आहे?

कॅलिब्रेशनवाले

मिरजकर, तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात चांगलं वाक्य हीटसिंकचं आहे. बाकीचे आकडे उपकरणांनी दिले, हे बोटाने दिलंय, आणि बोट बरोबर आहे. क्लास बी अँप्लिफायरची कागदावरची कमाल कार्यक्षमता ७८.५ टक्के. प्रत्यक्षात १३.८ व्होल्टवर आयआरएफ५१० चा एबी क्लास ५० ते ५५ च्या आसपास चालतो. तिथे ९२ आले की अँप्लिफायरचं कौतुक करायचं नाही, मोजणीवर संशय घ्यायचा. हा ताळा दरवेळी करत जा, फुकट आहे.

नोकरी एका कारखान्याच्या कॅलिब्रेशन रूममध्ये झाली, पिंपरीत. रेडिओशी तिथे संबंध नव्हता. प्रेशर गेज, थर्मोकपल, मल्टिमीटर, हेच दिवसभर. पण तिथे लागलेली एक खोड गेली नाही: कोणी आकडा सांगितला की आधी विचारायचं, हा कोणाच्या जिवावर बोलतोय? तुमचा २४ कोणाच्या जिवावर आहे ते बघू.

तो तीन गोष्टींवर उभा आहे. स्कोपचा व्होल्ट बरोबर, लोड शुद्ध ५० ओहम, आणि लाट स्वच्छ साइन. भागिले ४०० मधले ४०० म्हणजे ८ गुणिले ५०, हे विसरू नका. तुमचा लोड तर तुमच्याच मल्टिमीटरवर ५४ आहे. तेवढ्यानेच ४०० चे ४३२ होतात आणि २४ चे २२ वॉट. पण खरी गोम त्याच्या पुढे आहे.

पांढऱ्या सिमेंटच्या आत बहुतेक वेळा तार गुंडाळलेली असते. मल्टिमीटर डीसीने मोजतो, त्याला ते वेटोळं दिसत नाही. ७ मेगाहर्ट्झला तेच वेटोळं कॉइल होतं. प्रत्येकात पाच मायक्रोहेन्री धरा, पाच समांतर म्हणजे एक मायक्रोहेन्री. त्याचा रिअ‍ॅक्टन्स ७.१ ला जवळजवळ ४५ ओहम. म्हणजे तुमचा लोड ५४ नसून ५४ आणि त्याला काटकोनात ४५. व्होल्ट दोन्हींवर मिळून पडतो, वॉट मात्र फक्त ५४ मध्ये जळतात. स्कोपने व्होल्ट खोटा सांगितला नाही, तुम्ही त्याला चुकीच्या आकड्याने भागलंत.

हे तपासायला मीटरची मागची सुई बघा. पुढची १७ सांगितलीत, परत येणारी सांगितलीच नाही. माझा अंदाज, ती अडीच-तीन वॉट दाखवत असेल. पुढची वजा मागची, हे लोडमध्ये गेलेले वॉट. तरी त्या मीटरवर फार जीव टाकू नका. असल्या मीटरची चूक पूर्ण स्केलच्या टक्क्यांत धरायची असते. १०० च्या स्केलवर १० टक्के म्हणजे सुईच्या दोन्ही बाजूंना १० वॉट. सुई १७ ला आहे याचा अर्थ खरा आकडा ७ ते २७ मध्ये कुठेतरी आहे, आणि तेवढं तर तुम्हाला मीटर न जोडताही माहीत होतं.

फेरीवाल्यांच्या ग्राउंड वायरबद्दल. पंधरा सेंटीमीटर वायर म्हणजे ढोबळ दीडशे नॅनोहेन्री. प्रोबच्या पंधरा पिकोफॅरडशी ती १०० मेगाहर्ट्झच्या थोडं वर रेझोनन्सला येते. सहा मीटर बँडवर, म्हणजे ५० मेगाहर्ट्झला, ती व्होल्ट पाव पटीहून जास्त फुगवेल. ७ मेगाहर्ट्झला तिची चूक अर्ध्या टक्क्याच्या आसपास. स्प्रिंग जरूर लावा, सवय चांगली आहे, पण या गुन्ह्यात ती नाही. प्रोब एकपट खुणेवर नाही ना, आणि स्कोपच्या एक किलोहर्ट्झ चौकोनी लाटेवर स्क्रू फिरवून सपाट केलाय ना, हे मात्र बघा. एकपटला बऱ्याच प्रोबची झेप पाच-सहा मेगाहर्ट्झपर्यंतच असते. शिवाय प्रोबवर छापलेले ६०० व्होल्ट डीसीचे असतात. वारंवारता वाढते तशी ती मर्यादा उतरते, सोबतच्या कागदावर आलेख असतो.

तिसरी गोष्ट फिल्टर. तिसरा हार्मोनिक, म्हणजे तिप्पट वारंवारतेची भेसळ, २० डीबी खाली असला तर त्याची शक्ती मुख्य लाटेच्या एक टक्का. कोण विचारतो? पण व्होल्टमध्ये तो दहा टक्के आहे, आणि त्याची फेज कशी पडते त्यावर शिखर दहा टक्के उंच किंवा बुटकं होतं. तुम्ही शिखर मोजून वर्ग करता, म्हणजे वॉटमध्ये वीस टक्क्यांचा झोल. त्यामुळे फिल्टर लागेपर्यंत पीक-टू-पीकचा आकडा वहीत लिहायचा नाही.

आता करायचं काय. बाजारातून १ किलोओहम, २ वॉटचे मेटल ऑक्साइड रेझिस्टर वीस आणा. पुण्यातली तपकीर गल्ली, किंवा तुमच्या सांगलीत जिथे मिळतील तिथून. दोन तांब्याच्या चकत्यांमध्ये गोलाकार, पाय जेमतेम ठेवून सोल्डर करा. ५० ओहम, ४० वॉट. चकत्यांच्या मध्यावर सॉकेट.

मधल्या एका रेझिस्टरच्या अंगाला १० किलोओहमचा एनटीसी थर्मिस्टर (तापला की याचा रेझिस्टन्स उतरतो) चिकटवा आणि सगळं एका पत्र्याच्या डब्यात ठेवा. आरएफ सोडा, डबा तापून थर्मिस्टरचा आकडा स्थिर होईपर्यंत थांबा, आकडा लिहा. मग आरएफ बंद, त्याच लोडला डीसी जोडा, आणि थर्मिस्टर त्याच आकड्यावर येईल इतका व्होल्ट ठेवा. डीसीचा वर्ग भागिले रेझिस्टन्स, हे तुमचे आरएफ वॉट. भाजीवालीचा तराजू वाकडा असला तरी एकाच पारड्यात आधी भाजी आणि मग तिच्या जागी वजनं ठेवली तर माप खरं येतं, तसं हे. थर्मिस्टरचा आलेख, डब्यातून निसटणारी उष्णता, काहीच माहीत असायची गरज नाही. दोन्ही वेळा तेच असतं.

तुमच्या घरातलं सगळ्यात अचूक उपकरण स्कोप नाही, मल्टिमीटरचा डीसी व्होल्टचा खटका आहे. साध्या मल्टिमीटरलाही अर्धा टक्का जमतो, वॉटमध्ये एक टक्का. स्कोपचा उभा अक्ष तीन टक्क्यांचा, वॉटमध्ये सहा. म्हणून ओढत ओढत सगळं डीसीपर्यंत आणायचं.

चढता डीसी सप्लाय नसेल तर उलट करा. यूपीएसच्या दोन १२ व्होल्ट बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडल्या की लोडवर २५ च्या आसपास मिळतात, म्हणजे साडेबारा वॉट. हे आधी करा, थर्मिस्टरचा आकडा घ्या, आणि मग आरएफचा ड्राइव्ह कमी-जास्त करून त्या आकड्यावर आणा. एक बिंदू पक्का मिळाला की त्याच क्षणी स्कोप काय म्हणतो ते लिहून ठेवा.

पंखा बंद ठेवा. दोन्ही वेळा. घरचे वैतागतील.

मिरजकर_४०मीटर

काका, मागची सुई बघितली. अडीच!

कोल्हापूरच्या एका मित्राचा नॅनोव्हीएनए, म्हणजे आरएफला इम्पिडन्स मोजणारं छोटं यंत्र, आणून सिमेंटचा लोड मोजला. ७.१ ला ५३ ओहम आणि वर ४३ ओहम इंडक्टिव्ह. एसडब्ल्यूआर २.२ च्या पुढे. म्हणजे मी ज्याला डमी लोड म्हणत होतो तो अर्धी कॉइलच होता. आता जुने ९८ व्होल्ट घेऊन वॉट कसे काढू? निव्वळ उत्सुकता.

कॅलिब्रेशनवाले

९८ पीक-टू-पीक म्हणजे आरएमएस ३४.६५, त्याचा वर्ग १२००. याला ५३ ने गुणा आणि ५३ चा वर्ग अधिक ४३ चा वर्ग, म्हणजे ४६५८ ने भागा. १३.७ वॉट. २६.२ मधून १३.७ म्हणजे ५२ टक्के, आणि उरलेले साडेबारा वॉट हीटसिंकमध्ये. बोट कशाने पोळलं ते कळलं. मीटरचे १७ वजा अडीच साडेचौदा, तेही याच गल्लीत आलं. फिल्टरशिवायचा आकडा आहे, तेव्हा एवढ्यावर सोडून द्या. हीटसिंकला वेगळा पंखा लावणार असाल तर त्याचा वारा लोडच्या डब्यावर येऊ देऊ नका.

पणजी_अँटेना

मध्येच बोलते. मिरजकर, फिल्टर लावल्यावर तो काम करतोय का हे स्कोपच्या एफएफटीवर, म्हणजे वारंवारतांच्या आलेखावर, बघून समाधान मानू नका. आठ बिटांच्या स्कोपवर ५० डीबी खालचा हार्मोनिक गोंगाटात बुडतो. माझ्याकडे टायनीएसए हा छोटा स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर आहे, त्यासाठी मी लोडला कायमचा एक टॅप काढून ठेवलाय. मधल्या टोकापासून ८२० ओहमचे तीन पाव वॉटचे रेझिस्टर सिरीजमध्ये, पुढे ५० ओहमची केबल. पन्नासास एक भाग, म्हणजे ३४ डीबी. एकच मोठा रेझिस्टर लावू नका. त्याच्या दोन टोकांमधल्या कपॅसिटन्समधून वरच्या वारंवारता जास्त गळतात आणि हार्मोनिक आहे त्यापेक्षा मोठा दिसतो. तीन सिरीजमध्ये असले की ती गळती तिसऱ्या हिश्श्यावर येते.

साडेबारा वॉट म्हणजे ४१ डीबीएम (एका मिलिवॉटच्या ४१ डीबी वर). टॅपनंतर ७ उरतात. टायनीएसएची कमाल १० आहे, पण इतक्या काठावर नेलं तर ते स्वतःच हार्मोनिक तयार करतं. म्हणून मध्ये अजून २० डीबीचा पॅड: आडवा २४० ओहम, दोन्ही बाजूंनी जमिनीला ६२. टॅप आणि पॅड मिळून किती डीबी होतात ते त्याच नॅनोव्हीएनएवर मोजून घ्या, कागदी गणितावर सोडू नका. मोजताना टॅपचं टोक लोडवर असू द्या, तसंच ते वापरणार आहात.

दिसणारा हार्मोनिक खरा की उपकरणाचा, हे कळायला आतला अ‍ॅटेन्युएटर १० डीबीने वाढवा. आकडा जागच्या जागी राहिला तर खरा. खाली घसरला तर तो टायनीएसएच्या पोटात तयार होत होता. आणि सुरुवातीला त्याचं स्वतःचं ३० मेगाहर्ट्झचं कॅलिब्रेशन करून घ्या, केबल सोबत येते.

अमेरिकेत ३० मेगाहर्ट्झच्या खाली हार्मोनिक किमान ४३ डीबी दाबलेले हवेत असा नियम आहे. मी तोच धरून चालते.

लॅमिंग्टनरोड_फेरी

एवढा खटाटोप कशाला? लोडवर एक १एन५७११ डायोड, एक कपॅसिटर, मल्टिमीटर. शिखराचा व्होल्ट थेट डीसीत. वर्ग भागिले १००. झालं.

कॅलिब्रेशनवाले

फेरीवाले, या वेळी तुमची सूचना चांगली आहे, फक्त डायोड चुकला. त्याच्यावर उलटा व्होल्ट शिखराच्या दुप्पट येतो. १एन५७११ ची मर्यादा ७० व्होल्ट, म्हणजे शिखर ३५, म्हणजे सव्वाबारा वॉट. त्यानंतर तो जाईल, आणि गुपचूप जाईल, थोडा गळका होऊन. १एन४१४८ लावा. १०० व्होल्ट झेलतो, २५ वॉटपर्यंत चालेल. त्याच्यावर पडणारे तीन-चार दशांश व्होल्ट मोजलेल्या आकड्यात मिळवून मग वर्ग करा. १० वॉटला शिखर ३१.६ असतं, तिथे न मिळवल्याने दोन टक्के जातात. एक दशांश वॉटला शिखर ३.१६ आणि तिथे वीस टक्के जातात. म्हणून ड्राइव्हचा अर्धा वॉट याच डबीने मोजणार असाल तर जपून. हार्मोनिकचं दुखणं मात्र हिलाही तेच आहे.

आणि मल्टिमीटर आरएफजवळ असला की वेडेवाकडे आकडे दाखवतो. दोन्ही वायरी एका फेराइटमधून काढा. की सोडल्यावरही आकडा हलत राहिला तर समजा की केबल अँटेनाचं काम करतेय.

मिरजकर_४०मीटर

टोरॉइड आले, फिल्टर लागला, नवीन लोडही झाला. मल्टिमीटरवर ४९.८ ओहम, नॅनोव्हीएनएवर ३० मेगाहर्ट्झपर्यंत एसडब्ल्यूआर १.१ च्या आत.

बॅटऱ्या जोडल्यावर लोडवर बरोबर २५.० व्होल्ट. म्हणजे १२.५५ वॉट. थर्मिस्टर अडीच किलोओहमच्या जरा वर स्थिरावला. आईने दोनदा पंखा लावला, त्यामुळे वेळ गेला. मग आरएफ तेवढ्यावर आणला. स्कोपवर ७२.५ पीक-टू-पीक, म्हणजे १३.१९ वॉट. स्कोप आणि डीसीत पाच टक्क्यांचा फरक. हा कुठला?

पणजीकरांचा टॅप बनवून दुसरा हार्मोनिक ५८ डीबी खाली, तिसरा ५१ मिळाला. अ‍ॅटेन्युएटर वाढवून बघितला, जागचे हलले नाहीत. फिल्टर काढून बघितला तेव्हा तिसरा फक्त २२ डीबी खाली होता.

पूर्ण ड्राइव्हला आता १४ वॉटच्या थोडं वर येतात. पुढे एसएसबीवर, म्हणजे आवाज पाठवायला, वापरायचाय, तर दोन टोनची चाचणी घरी जमेल का?

कॅलिब्रेशनवाले

वॉटमध्ये पाच टक्के म्हणजे व्होल्टमध्ये अडीच. स्कोप तीन टक्क्यांचा आहे, तो आपल्या शब्दात राहिला. त्याच्यावर एक चिठ्ठी चिकटवा: दहापट प्रोब, ७ मेगाहर्ट्झ, अडीच टक्के जास्त दाखवतो. व्होल्ट पर डिव्हिजनचा तोच खटका ठेवाल तोवर ही दुरुस्ती चालेल. खटका बदलला की नाही. १४ च्या थोडं वर हे त्या दुरुस्तीनंतरचे आहेत की आधीचे ते बघून घ्या.

दोन टोन घरी जमतात. ७०० आणि १९०० हर्ट्झ, फोनवरच्या टोन जनरेटरमधून माइकच्या जागी, पण पातळी फार खाली आणून. नाहीतर माइक अँप्लिफायरच फाटेल आणि दोष मोसफेटला जाईल. तिसऱ्या दर्जाची उत्पादनं, म्हणजे अँप्लिफायरने दोन टोन मिसळून केलेले खोटे टोन, मुख्य टोनच्या दोन्ही बाजूंना १२०० हर्ट्झवर पडतात. टायनीएसएचं सगळ्यात अरुंद रिझोल्यूशन दोनशे हर्ट्झच्या आसपास मिळालं तर दिसतील, नाहीतर एखाद्या साध्या एसडीआर रिसीव्हरवर बघा, टॅप आणि भरपूर अ‍ॅटेन्युएटर लावून.

आकडे लिहिताना कशाच्या तुलनेत खाली ते लिहा. एका टोनपासून मोजलं तर ३० डीबी आणि पीईपीपासून, म्हणजे शिखराच्या शक्तीपासून, मोजलं तर तेच ३६. अमेरिकेतली हॅम संघटना एआरआरएल पीईपीपासून मोजते. नेटवर दोन्ही प्रकारचे आकडे एकमेकांत मिसळलेले आढळतील, आणि विकणारा नेहमी मोठा छापतो.

टोन सारखे आहेत का ते आधी स्कोपवर. लाटेच्या गाठी शून्याला टेकल्या पाहिजेत, अधांतरी राहिल्या तर एक टोन मोठा आहे. आणि थर्मिस्टर सरासरी मोजतो: दोन सारख्या टोनला १४ वॉट पीईपी म्हणजे लोडमध्ये ७ वॉटची उष्णता. डबा कमी तापला म्हणून ड्राइव्ह वाढवत बसू नका.